तू वगळून पाच रूपं

आमच्या ह्यांचं नाव मी आयुष्यात मोजून पाच-सहा वेळा घेतलं असेल, तेही उखाण्यात, चार बायकांनी वाट अडवून धरली म्हणून. इथंही घेणार नाही. पण ह्यांना 'तू' किती वेळा म्हटलं असं विचाराल, तर रिह्यातल्या आमच्या दारापासून ओढ्यापर्यंत चालता चालता जितकं म्हणता येईल तितकं म्हटलं. भर सकाळी, सगळ्या गावासमोर, पदर खांद्यावर घसरलेला असताना, आणि प्रत्यक्ष सासूच्या हुकमावरून. ते आठवलं की या वयातही मला एकटीला हसू फुटतं आणि सुना एकमेकींकडे बघतात.

माझं लग्न झालं तेव्हा मी चौदा वर्षांची होते, ही गोष्ट घडली तेव्हा सतरा. माहेर कासार आंबोलीचं. वडील शाळामास्तर, त्यामुळे मराठी चौथीनंतर त्यांनी मला घरीच इंग्रजी अक्षरं गिरवायला लावली होती. त्याचा सासरी काय उपयोग, असं माझी आई म्हणायची. सासर रिह्याचं, भाताची खाचरं, दोन बैल, चार म्हशी आणि पुढं मोठी ओटी. त्या ओटीवर मामंजी, म्हणजे माझे सासरे, बसलेले असायचे.

मामंजी मोठ्या लढाईत पलटणीबरोबर गेले होते. एक हिवाळा फ्रान्सात आणि पुढची तीन वर्षं बसऱ्याकडच्या वाळवंटात. परत आले ते एका पायानं लंगडत आणि फ्रेंचचे वीसेक शब्द घेऊन. पाव, दूध, अंडी, नमस्कार, उपकार झाले, असले शब्द. वाळवंटाबद्दल ते चकार शब्द काढायचे नाहीत. बोलायचे ते फ्रान्सचंच. तिथल्या गाई केवढ्या, तिथली लोण्याची चव कशी, आणि तिथल्या म्हाताऱ्या दारात उभ्या राहून पलटणीला कसा निरोप द्यायच्या. म्हणून पोरगा पुण्याच्या कॉलेजात गेला तेव्हा त्यांनी फर्मान काढलं, "तू ती भाषा घ्यायची. तितल्या लोकान्ला मी शबूद दिलाय." कोणाला आणि कसला शब्द दिला होता, ते त्यांनाच ठाऊक.

ह्यांनी भाषा घेतली आणि आदल्या वर्षी इंटरच्या परीक्षेत नेमके तिच्यातच आपटले. बाकी सगळ्या विषयांत पास. महिनाभर घरात कोणी मोठ्यानं हसलं नाही. मग मामंजींनी निकाल दिला. "औंदा पास झालास तर कचेरी. न्हाई तर पलटन. सायबाला कागद मी घालतो."

पलटण हा शब्द निघाला की आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, हातातलं काम तसंच टाकून मागच्या दारी जायच्या. मामंजी नव्हते त्या चार वर्षांत त्यांनी एकटीनं भात लावलं, कापलं, झोडलं. त्यांची धाकटी लेक त्याच दिवसांत तापानं गेली आणि ते मामंजींना कळलं सात महिन्यांनी. त्याबद्दल घरात कोणी बोलत नसे. पण पोरगा पलटणीत जाणार म्हटल्यावर त्यांना काय आठवत असेल ते मला दिसत होतं. आणि माझं म्हणाल, तर मला हे हवे होते. स्पष्टच लिहिते, आता लाजायचं वय राहिलं नाही. तीन वर्षांच्या संसारात हे सुट्टीपुरते घरी यायचे आणि दिवसाउजेडी आमच्यात एक वाक्य होत नसे. वडीलधाऱ्यांसमोर नवरा-बायकोनं बोलायचं नाही, ही रीत. त्यांना पाणी हवं असेल तर ते म्हशीकडे बघून म्हणायचे, "तहान लागलीय," आणि मी चुलीकडे बघून म्हणायची, "तांब्या भरून ठेवलाय."

संक्रांत झाली आणि हे अभ्यासाला म्हणून घरी आले. मामंजींचा एक सिद्धान्त होता. मनातल्या मनात वाचलेलं हवेत उडून जातं, दुसऱ्यानं पुस्तक धरून म्हणून घेतलं तरच ते डोक्यात राहतं. पलटणीत बंदुकीचे भागसुद्धा असेच पाठ करून घेतले होते म्हणे. पण इथं म्हणून घेणार कोण? त्यांना बोलता येत होतं वीस शब्दांपुरतं, वाचता एकही येत नव्हतं. दोन दिवस ते पुस्तक उलटंसुलटं करून बघत बसले. तिसऱ्या दिवशी आतल्या दाराकडे बघून म्हणाले, "मास्तराच्या पोरीला अक्षरं येत्यात न्हवं?"

माझ्या हातातलं पीठ उडालं.

तर अशी मी दिवसाउजेडी, भर ओटीवर, नवऱ्यासमोर बसले. म्हणजे अगदी समोर नाही. मी उंबऱ्याच्या आत, हे उंबऱ्याच्या बाहेर, पुस्तक मधे. माझ्या मांडीवर सूप, सुपात निवडायचे तांदूळ, कारण सुनेनं नुसतं बसायचं म्हणजे काय! पलीकडे खांबाला टेकून मामंजी. आता म्हणून घ्यायचं, पण बोलायचं तर नाही. यावर तोडगा मीच काढला. हे बिनचूक म्हणत असले की मी गुपचूप खडे वेचायची. चुकले की सूप एकदा पाखडायची, फट्ट. हे थांबायचे, पुन्हा सुरू करायचे. दोन्ही चुकांवर माझी नजर, सुपातल्या आणि तोंडातल्या. खरं सांगायचं तर कधीकधी चूक नसतानाही पाखडायची, डोळे वर करतात का ते बघायला. करायचे!

ह्यांचं घोडं अडायचं ते एकाच रूपावर. आपण म्हणतो ना, "केलं असतं तर", "आला असता तर", जे व्हायला हवं होतं पण झालं नाही आणि आता वेळही निघून गेली, त्यासाठी त्या लोकांनी एक वेगळं रूप राखून ठेवलंय. प्रत्येक क्रियापदाला सहा पुरुषांत सहा रूपं, आणि लिहायची अशी की निम्मी अक्षरं बोलायचीच नाहीत. मामंजींनी पहिल्याच दिवशी कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, "अख्खा हिवाळा हुतो तितं. ह्यातलं एक अक्षार कुनी बोललं न्हाई." ते खरंच होतं, ह्यांनीही सांगितलं की बोलायला ते कोणी वापरत नाही. पण पेपरात हमखास येतं.

आणि पुस्तकातलं पहिलंच क्रियापद कुठलं, तर प्रेम करणे!

"क झ्यूस एमे," हे म्हणायचे. मी प्रेम केलं असतं. समोर बाप, आत आई, दारात म्हैस. माझे कान असे तापायचे की पदराखाली भाजतील. तांदळात खडे दिसेनात. एकदा आत्याबाईंनी आतून विचारलंच, "अरं, ह्या एमेचा अर्थ काय म्हनायचा?"

हे एक क्षण गडबडले, मग म्हणाले, "नांगरणं."

"नांगरायला एवढं?" आत्याबाई म्हणाल्या. "बैलं म्हातारी व्हतील."

मी तोंडात पदर कोंबला. मामंजी गंभीरपणे म्हणाले, तिकडं घोडे नांगर ओढतात, म्हणून वेगळं असेल. दुसऱ्या दिवसापासून ह्यांनी ते क्रियापद सोडून दुसरं घ्यायचं नावच काढलं नाही. "नांगरणं पक्कं हुईस्तवर फुडं जायचं न्हाई," असं मामंजींनाच पटवून दिलं. आठ दिवस आम्ही नांगरत होतो. इतक्या सुखात मी त्या घरात कधीच नव्हते.

मग घोटाळा झाला. एका दुपारी हे दुसऱ्या रूपापाशी अडले. सूप पाखडलं, पुन्हा पाखडलं, तरी गाडी पुढं जाईना. माझ्यानं राहवलं नाही. मी हळूच सुरुवात करून दिली, "क त्यू..."

मामंजी एकदम खुलले. हा शब्द त्यांच्या विसातला होता. "त्यू म्हंजी तू! तितल्या आया पोरान्ला, कुत्र्यान्ला त्यूच म्हनायच्या!"

आत भांडं आदळलं. आत्याबाई हात पुसत दारात आल्या. "नवऱ्याला तू म्हनलीस?"

"आत्याबाई, मी नाही, पुस्तकात..."

"पुस्तकाला लाज न्हाई, तुला हाय न्हवं? आमी तीस वर्सं संसार केला, एकदा तोंडातनं तू गेलं न्हाई. आमी काय मुक्या व्हतो?"

मामंजी अंगणातल्या म्हशीकडे बघायला लागले, कारण चूक त्यांच्याच जिभेची होती. हे पुस्तकात तोंड घालून बसले. तिथल्या तिथं निकाल लागला. म्हणून घेणं बंद नाही, पण 'तू'चं रूप या घरात निघता कामा नये, ना तिच्या तोंडून, ना त्याच्या तोंडून तिच्या देखत. "तुमी हाय न्हवं त्यांच्यात? मग तुमी म्हना की, काय बिघडतंय!" आणि तेवढ्यावर न थांबता संध्याकाळी विहिरीवर त्यांनी सगळ्या बायकांना सांगितलं की फ्रेंच लोकांत बायको नवऱ्याला त्यू म्हणते, म्हणून तर त्यांच्यात लढाया होतात.

पुढचे सहा आठवडे आम्ही पाचच रूपं म्हटली. मी, तो, आम्ही, तुम्ही, ते. मी वरून खाली पुस्तकावर बोट फिरवायची आणि दुसऱ्या ओळीवरून उडी मारायची. हे एकदा कुजबुजले, "ते मी मनात म्हणतो." मी मान हलवली. मामंजींचा सिद्धान्त मी तेव्हा आठवायला हवा होता. पण पाच रूपांचा असा सुंदर ताल जमला होता की सहावं आठवतंय कोणाला! विकणं झालं, संपवणं झालं, यायच्या-जायच्या क्रियापदांची तऱ्हा वेगळी असते तीही झाली. 'यूस'च्या जागी 'फ्यूस' यायचं. सूप दिवसदिवस मुकं राहू लागलं. तांदूळ निवडून निवडून संपले, मी उडीद घेतले.

परीक्षा दुसऱ्या दिवशी पुण्याला, म्हणून आदल्या सकाळी पौडापर्यंत बैलगाडीनं जायचं आणि पुढं मोटार, असं ठरलं. गाडी जुंपली. हातावर दही पडलं. मामंजी वेसण धरून उभे होते. मी पुस्तक बांधून द्यायला घेतलं तर त्यातून आदल्या वर्षीचा पेपर खाली पडला, ह्यांनी खूण म्हणून घातलेला. उचलता उचलता माझी नजर गेली. प्रश्न होता, पुढील क्रियापदांची अमुक रूपं लिहा, आणि पाचातल्या तीन ठिकाणी मागितलं होतं ते 'तू'चं.

मी रीतभात विसरले. उंबऱ्यावर जाऊन तो कागद ह्यांच्यापुढं धरला आणि बोट ठेवलं. हे हसले, म्हणाले सोपंय, आणि तोंड उघडलं.

"क वूझ यूसिए..."

हे थांबले. पुन्हा उघडलं. पुन्हा तुम्हीच आलं. तिसऱ्यांदाही तेच. माझ्याकडे बघून ह्यांची जीभ 'तू'वर जाईचना, सहा आठवडे तिला तसंच वळण लावलं होतं आम्ही. ह्यांचा चेहरा उतरला. बैल खूर आपटत होते.

"काय झालं?" आत्याबाईंनी विचारलं.

मीच म्हटलं, "आत्याबाई, पेपरात तूच विचारतात. ते आम्ही म्हटलंच नाही. ते आलं नाही तर..."

"तर नापास?"

"व्हय," हे म्हणाले.

"म्हंजी पलटन?"

मामंजी बैलांकडे बघत होते. आत्याबाईंनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा पोराकडे, आणि मग माझा दंड असा धरला की दोन दिवस वळ होता.

"मग म्हन की! बघत काय ऱ्हायलीस! म्हन त्याला तू!"

"आत्याबाई, सगळे..."

"सगळ्यान्ला मी बघती! गाडी चालू द्या, मोटार चुकंल. तू चालत म्हन!"

आणि मी म्हटलं. गाडी निघाली, हे मागं तोंड करून बसलेले, मी गाडीच्या मागून हातात पुस्तक घेऊन चालतेय, आणि ओरडतेय, "क त्यू यूस एमे!" चाकांचा खडखडाट इतका की हळू बोलून उपयोगच नव्हता. हे वरून ओरडायचे, "क त्यू यूस एमे!" मी, "क त्यू यूस फिनी!" हे, "फिनी!" सूप घरी राहिलेलं, म्हणून चूक झाली की मी गाडीच्या फळीवर थाप मारायची. माझ्या शेजारून आत्याबाई, कासोटा आवळून, गावाला तोंड देत चालल्या होत्या. दारादारातून बायका बाहेर आल्या. विहिरीवरच्या बातमीमुळे 'त्यू' म्हणजे काय ते गावात प्रत्येकीला ठाऊक होतं!

"अगं बया, सून नवऱ्याला तू म्हनतीया!"

"म्हनू दे," आत्याबाई गरजल्या. "मीच सांगिटलंय! परीक्षा हाय!"

"आन म्हनतीया काय?"

"तू नांगारलं असतंस म्हनतीया! तुझ्या काय पोटात दुखतंय?"

वेशीपाशी धनगराची म्हातारी शेरडं घेऊन आडवी आली. गाडी थांबली, शेरडं जाईनात. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं, भांडण आहे का विचारलं, नाही म्हटल्यावर तिला चेव आला आणि तीही काठी आपटून प्रत्येक रूपाला "त्यू! त्यू!" करायला लागली. शेरडं भेदरून फाकली आणि वाट मोकळी झाली. पोरं मागं लागली. माझा पदर कधीच पडला होता. मला लाज वाटायला हवी होती, पण मला असं वाटत होतं की आपल्या पायाला जमीनच लागत नाहीये. तीन वर्षं म्हशीकडे आणि चुलीकडे बघून बोलले होते मी. आज सगळ्या रिह्यादेखत ह्यांच्या डोळ्यांत बघून सांगत होते, तू प्रेम केलं असतंस, आणि गाव म्हणत होतं, चांगला नांगरट्या निघतोय पोरगा.

ओढ्याशी मी थांबले. गाडी पाण्यात उतरली. पुस्तकाच्या त्या पानावरचं शेवटचं उरलं होतं, ते मी हाताचा कर्णा करून ओरडले, "क त्यू फ्यूस रव्न्यू!" पलीकडच्या काठावरून ह्यांचं उत्तर आलं, अक्षर न् अक्षर बरोबर.

पेपरात काय आलं आणि काय नाही, ते सविस्तर सांगत नाही. 'तू' आलं होतं. वैशाखात पोस्टकार्ड आलं, पास. मामंजींनी पेढे वाटले आणि गावाला सांगितलं की पोराचं फ्रेंच वडलांवर गेलंय. पलटणीच्या साहेबाला लिहून ठेवलेला कागद त्यांनी आपल्या हातानं चुलीत घातला. ह्यांना पुढं पुण्याच्या कचेरीत जागा मिळाली आणि मला बरोबर न्यायचं ठरलं. मी पेटी भरत होते आणि गाणं गुणगुणत होते, तेव्हा आत्याबाई येऊन शेजारी बसल्या.

"वढ्यापाशी शेवटचं काय म्हनलीस?"

"तू परत आला असतास, असं."

"हां." त्या पेटीतल्या घड्या उगाच नीट करत राहिल्या. "आन त्यात लवकर घालायचं आसलं तर?"

मी ह्यांना विचारून सांगितलं. दोन दिवस त्या भाकरी थापताना ओठ हलवत होत्या. एकदा चुकलं तेव्हा मी शेजारचं सूप हळूच पाखडलं. त्यांनी माझ्याकडे रागानं बघितलं आणि पुन्हा म्हटलं, बरोबर.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मामंजी ओटीवर सुपारी कातरत बसले होते. मी उंबऱ्याच्या आत माझ्या रोजच्या जागी. आत्याबाई दारात आल्या, पदर डोक्यावरून पुढं ओढला, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा नवऱ्याकडे सरळ बघून म्हणाल्या, "क त्यू फ्यूस रव्न्यू प्लू तो."

रूप मामंजींना कळण्यासारखं नव्हतं. पण त्यू त्यांच्या विसातला होता, आणि रव्न्यूही कानावरचा होता. तिथल्या म्हाताऱ्या दारात उभ्या राहून पलटणीला त्याच तऱ्हेचं काहीतरी म्हणायच्या, परत या. अडकित्ता थांबला. मला वाटलं आता हसतील, किंवा उच्चार सुधारतील. त्यांनी हातातली सुपारी खाली ठेवली.

"आलो आसतो," ते म्हणाले. "सायबांनी सोडलं न्हाई."

"व्हय," आत्याबाई म्हणाल्या. "पर म्हनायचं ऱ्हायलं हुतं."

मी सूप उचललं आणि आत गेले. पाखडण्यासारखं त्यात काही नव्हतं.